डॉक्टरची पदवी आणि आपलं कार्ड

घनसावंगी तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज जुना इतिहास सांगायचाय, पण सुरुवात आमच्याच गटापासून.

कापूस वेचणीचे दिवस होते. गटातल्या एका ताईंचे मालक रात्री मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला. शहरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या पाटीवर योजनेचं नाव होतं, म्हणून तिकडंच नेलं. काउंटरवर सांगितलं, "योजना आहे, पण डोक्याच्या ऑपरेशनला नाही. आधी चाळीस हजार भरा." ताईंनी रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुम्ही कशाचे डॉक्टर?" साहेबांनी तोंड फिरवलं. गटातून उसने घेतलेले अठरा हजार तिथंच गेले आणि पहाटे पेशंट घाटीला हलवावा लागला. माणूस वाचला. एका कानानं ऐकू कमी येतं. कर्ज फिटायला वर्ष गेलं.

ताईंना वाटायचं, आपण डॉक्टरला असं विचारायला नको होतं. आम्हाला ते पटलं नाही. डॉक्टर कोण, आणि कार्ड चालतं का, हे दोन्ही प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आपोआप मिळालेला नाही.

आधी डॉक्टरचं. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही ठेवायचा कायदा 1912 साली झाला. त्या वेळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तो कायदा आपल्याला लागू नव्हता. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि 1965 च्या कायद्यानं सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र वैद्यक परिषद मिळाली. अॅलोपॅथीच्या डॉक्टरला तिथला नोंदणी क्रमांक लागतो. 2002 च्या नियमाप्रमाणे तो क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो आणि चिठ्ठीवरही लिहावा लागतो. तुमच्या घरातली जुनी चिठ्ठी काढून बघा, आहे का ते.

हा नियम किती मोलाचा, ते पूनम वर्मा यांच्या लढ्यावरून कळतं. जुलै 1992 मध्ये मुंबईत त्यांच्या नवऱ्याला ताप आला. ज्यांनी औषधं दिली त्यांचं शिक्षण होमिओपॅथीचं, औषधं मात्र अॅलोपॅथीची. थोड्याच दिवसांत नवरा गेला. बाई राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेल्या, तिथं दावा फेटाळला. त्या थांबल्या नाहीत. मे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जी पद्धत शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. पुढं 2014 ला आपल्या राज्यानं कायदा बदलून, एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना ठराविक अॅलोपॅथी औषधं द्यायची वाट काढली. त्यावर डॉक्टरांमध्येच भांडण आहे. आमचं म्हणणं एवढंच, कोण काय शिकलंय ते पाटीवर खरं लिहावं.

आता अपघाताचे डॉक्टर म्हणजे कोण? पूर्वी 'कॅज्युअल्टी'त जो ड्युटीवर असेल तोच. आपत्कालीन वैद्यक हा एमडीचा वेगळा विषय म्हणून देशात 2009 साली मान्य झाला. म्हणजे हे शिक्षणच नवं आहे, तालुक्याच्या गावात असा डॉक्टर सहसा सापडत नाही. त्यातल्या त्यात आधार म्हणजे 108. ही सेवा राज्यात 26 जानेवारी 2014 ला 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असतो. त्या रात्री कुणालाच 108 आठवलं नाही, आम्हालाही नाही.

आता पैशाचं. पोलिस केस असली तरी आधी उपचार, हे न्यायालयानं 1989 ला परमानंद कटारा यांच्या खटल्यात ठरवलं. पूनमताईंचा निकाल लागला त्याच महिन्यात आणखी एक निकाल आला, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. त्यांचा एक सभासद जुलै 1992 मध्येच रेल्वेतून पडला होता, डोक्यालाच मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खाजगीत खर्च करावा लागला. न्यायालय म्हणालं, उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही.

आपल्याकडं 1997 ला जीवनदायी योजना आली, दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी, मोजक्या मोठ्या आजारांपुरती. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात जालना नव्हता. नोव्हेंबर 2013 ला आपला नंबर लागला, वर्षाला दीड लाखापर्यंत. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही पुढं त्यात घेतलं, त्यात जालना होता. 2017 ला योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि 2023 ला राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं ठरलं.

पण गोम इथंच आहे. दवाखाना योजनेत असतो तो विभागवार. डायलिसिसला असेल, डोक्याला नसेल. पाटीवर एवढं कोण वाचतं? म्हणून प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसवलेला असतो, त्याला आधी गाठायचं. जीव धोक्यात असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. मदतीचा नंबर 155388.

आमच्या गटानं हजेरीच्या वहीची मागची दोन पानं आता याला दिलीत. कोणता दवाखाना कोणत्या विभागाला योजनेत आहे, आरोग्यमित्राचा फोन, रात्री कोणते डॉक्टर असतात. जालन्याचं नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 ला सुरू झालं, तेही लिहिलंय. दोन ठिकाणी आम्हाला माहिती द्यायला नाही म्हणाले. ती जागा वहीत कोरी ठेवलीय, शनिवारी पुन्हा जाणार आहोत. त्या ताईपण येणार आहेत.