सात प्रकारांची लस आणि उरलेले जग

न्यूमोकॉकस हा जिवाणू सगळीकडे एकसारखा नसतो, याची किंमत आधी मोजली ती दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींनी. दूरवरून आणलेले कृष्णवर्णीय मजूर तिथे न्यूमोनियाने भराभर दगावत होते. १९११ मध्ये ॲल्मरॉथ राइट यांनी हजारो मजुरांना लस टोचली, पण जिवाणूच्या कवचाचे प्रकार तेव्हा पुरेसे उलगडलेले नव्हते आणि लसीचा गुण शेवटपर्यंत वादात राहिला. पुढे स्पेन्सर लिस्टर यांनी खाणीतल्या रुग्णांमधले जिवाणू तपासून त्यांचे गट पाडले आणि त्या गटांनुसार लस बनवली. जिथे लस द्यायची तिथलाच जिवाणू आधी पाहायचा, हे एवढ्या लवकर कळले होते. तरीही २००० मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी आलेल्या लसीतले सात प्रकार निवडले गेले ते मुख्यतः तिथल्या मुलांच्या आजारावरून. आफ्रिका आणि आशियात गंभीर आजार घडवणारे १ आणि ५ हे प्रकार त्या लसीत नव्हते. ज्या मुलांना लसीची सर्वाधिक गरज होती, त्यांच्या नाका-घशातल्या जिवाणूंना त्या यादीत पुरेशी जागा मिळाली नाही, ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

यावर आक्षेप असा, की जंतू माणसांबरोबर देशोदेशी फिरतात, मग कुठे कोणते प्रकार आहेत याच्या प्रदेशवार नोंदी ठेवून काय साधणार? जंतू फिरतात हे खरेच. पेनिसिलिनला दाद न देणारा एक वंश १९८४ मध्ये बार्सिलोनात सापडला आणि पुढे अनेक खंडांत पसरला. पण त्याच वंशाच्या २४० नमुन्यांची जनुके २०११ मध्ये वाचली गेली, तेव्हा दिसले की वाटेत त्याने इतर जिवाणूंकडून जनुके उचलली होती, काही ठिकाणी कवचही बदलले होते. लसीला चुकवणारे १९अ हे कवच तर लस येण्यापूर्वीच त्यातल्या काहींनी धारण केले होते. म्हणजे प्रवासाने प्रादेशिक फरक पुसले जात नाहीत, उलट नवे घडतात. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या माएला निर्वासित छावणीत मुख्यतः तान्ह्या बाळांच्या नाकातून घेतलेल्या ३,०८५ नमुन्यांनी तर एकाच वस्तीत ही देवाणघेवाण किती दाट असते ते दाखवले. अशा फरकांनुसार लसीची यादीही बदलू शकते: २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळालेल्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या लसीत १, ५ आणि १९अ आहेत. अमेरिकी यादीतले ४ आणि १८क मात्र तिच्यात नाहीत.