विक्रांत मोडीत गेली, त्रिंकोमाली राहिली

आपल्या हुपरीत मोड म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. जुनं पैंजण मोडीत घातलं की वजनाचा भाव मिळतो, मजुरी गेली ती गेलीच. २०१४ ला आपण एक अख्खी युद्धनौका अशी मोडीत घातली. आयएनएस विक्रांत. आले साधारण ६० कोटी.

पोरांना विक्रांत म्हटलं की कोचीत बांधलेली, २०२२ ला नौदलात आलेली नौका आठवते. मी म्हणतोय ती पहिली. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली. १९५७ ला भारतानं ती विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला तिच्यावर तिरंगा चढला. १९७१ ला एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळं वेग कमी. तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, पुढं चितगावचं बंदरही झोडपलं. तिलाच शोधायला निघालेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली.

१९९७ ला विक्रांत निवृत्त झाली आणि नंतर मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय झालं. डेकवर विमानं मांडलेली. मी ती एकदाच बघितली. वर मोकळ्या डेकवर उभं राहिल्यावर पहिला विचार आला, एवढ्याशा पट्टीवर विमान उतरवायचं म्हणजे काय काळीज लागत असेल! पण कायमच्या संग्रहालयासाठी खर्च उचलणारा कुणी मिळेना. २०१२ ला सुरक्षेच्या कारणानं लोकांना ती बंद झाली. जनहित याचिका हायकोर्टात फेटाळली गेली, मग सुप्रीम कोर्टातही. दारुखान्याला तिचे तुकडे झाले. पुढं एका मोटारसायकलच्या टाकीत तिचं पोलाद वापरल्याची जाहिरात आली. आपल्यापैकी कुणीकुणी ती गाडी घेतलीही असेल.

सरकारची अडचण खोटी नव्हती. लोखंड खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे दरवर्षी पैसा ओतायचा. पण आता दुसरी गोष्ट ऐका.

१८१७ ला मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी ब्रिटिश नौदलासाठी एक जहाज बांधलं, सागवानाचं. नाव त्रिंकोमाली. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात जहाजाजोगं ओकचं लाकूड कमी पडलेलं, म्हणून मलबारचा साग आणि मुंबईचे हात. १८९७ ला तीही भंगारातच विकली गेली होती! व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थानं ती घेतली, नाव बदललं आणि मुलांना समुद्रावरचं शिक्षण द्यायला वापरली. पुढं हार्टलपूल गावात दहाएक वर्षं खपून लोकांनी ती परत उभी केली, जुनं नावही परत दिलं. आज ती ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयात आहे, आणि तिकीट काढून लोक मुंबईचं सागवान बघतात.

म्हणजे मुंबईत बांधलेली तिकडं राहिली, तिकडं बांधलेली मुंबईत मोडली.

विक्रांतनंतर तरी शहाणपण यावं? २०१८ ला आपल्या राज्य मंत्रिमंडळानं विराट ही दुसरी विमानवाहू नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पेढे वाटायच्या आत तो कागदावर राहिला आणि २०२० ला विराट गुजरातला अलंगला तोडायला गेली. आता निवतीच्याच समुद्रात गुलदार ही निवृत्त नौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. पाणबुड्यांना मजा येईल, मासेही येतील. पण आपल्या गावची आजी आणि सातवीतली पोरं ती बघणार कशी?

तोवर गोव्याला जाणार असाल तर दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. सी हॉक आणि अलिझे, दोन्ही तिथं आहेत. १९७१ ला विक्रांतवरून उडाली ती याच जातीची विमानं. बीचवर जायच्या आधी तासभर काढा आणि पोरांना जवळ उभं करून दाखवा.