सुई, तार, नळी

सुई आधी काढायची की नळी आधी घालायची? प्रश्न पोरकट वाटतो ना? पण रक्तवाहिनीत नळी घालण्याचं तंत्र बरीच वर्षं याच प्रश्नापाशी अडलं होतं.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताची शीर उघडली, मूत्रमार्गात वापरायची लांब नळी तीतून हृदयापर्यंत सरकवली, आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. या कामासाठी १९५६ मध्ये त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. धाडस मोठंच. पण रक्तवाहिनी गाठायला कातडी कापणं काही चुकलं नव्हतं.

दुसरा मार्ग होता जाड सुई टोचून तिच्यातून नळी आत सारायची. यात गोम अशी, की सुईच्या आतून जायचं तर नळी सुईपेक्षा बारीकच हवी. मग सुई काढली की भोक मोठं आणि नळी बारीक! धमनीतलं रक्त जोराचं, ते बाजूने वाहणारच. नळी जाड हवी तर सुई आणखी जाड.

हा गुंता सोडवला स्वीडनच्या स्वेन इवार सेल्डिंगरने. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतला हा रेडिओलॉजिस्ट. इतर खटपटी फसल्यावर सुई, तार आणि नळी हातात घेऊन हिरमुसला होऊन उभा असताना, या तिन्ही वस्तू कोणत्या क्रमाने वापरायच्या ते एका क्षणात उमगलं, असं त्याने पुढे सांगितलंय. आधी सुई टोचायची. सुईतून मऊ टोकाची तार आत सोडायची. तार तिथेच ठेवून सुई काढायची. मग दोऱ्यात मणी ओवतात तशी नळी तारेवर ओवून आत सरकवायची आणि शेवटी तार काढून घ्यायची. आता नळी सुईच्या आतून जात नाही, त्यामुळे ती भोक बुजवण्याइतकी जाड असू शकते. १९५३ मध्ये हा लेख छापून आला.

बाबांच्या डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत नळी घालायची होती, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे हीच तीन चित्रं काढून दाखवली. म्हणाले, यात एकच नियम, तार हातातून सुटू द्यायची नाही. सुटली तर ती रक्तवाहिनीत आतच जाऊ शकते. ते ऐकून भीती गेली नाही, पण निदान कशाची भीती वाटतेय ते कळलं.

गंमत पुढेच आहे. एवढ्याशा युक्तीवर प्रबंध होणार नाही, असं सेल्डिंगरला वरिष्ठांनी सांगितलं! त्याने मग १९६६ मध्ये पित्तनलिकांच्या एक्स-रे तपासणीवर प्रबंध लिहिला, आणि पुढे आपल्या मोरा या जन्मगावी परत जाऊन तिथल्या इस्पितळात काम केलं. १९९८ मध्ये तो तिथेच वारला.

मला वाटतं, त्याने नवीन वस्तू काही फार शोधली नाही, क्रम शोधला. आणि क्रम एकदा सांगितला की तो कुणालाही सुचला असता असंच वाटतं. अँजिओग्राफी असो, अँजिओप्लास्टी असो की डायलिसिसची नळी, आजही बहुतेक वेळा हाच क्रम असतो. घरात कुणी डॉक्टर असेल तर 'सेल्डिंगर' एवढंच म्हणून बघा. ते लगेच हाताने करून दाखवतील.