उघडं पोलाद आणि काळं पांघरूण

तत्त्वज्ञानाच्या माणसाने गाडीच्या रंगावर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण उच्छेळी, दांडी, नवापूर या पट्ट्यात हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. मासळीच्या टेम्पोवर स्टेनलेस स्टीलचा डबा बांधून घेतला, की घरात दोन पक्ष पडतात. जुनी माणसं म्हणतात, स्टील आहे तसंच राहू द्या. पोरं म्हणतात, वरून काळं रॅप चढवू, झकास दिसेल. या वादाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू.

गाडी आणि काळा रंग यांची जोडी फोर्डने लोकप्रिय केली. 1914 ते 1925 या काळात त्याची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे. त्यात सौंदर्याचा आग्रह नव्हता, उत्पादनाची सोय होती. उलट बाजूची कथा 1913 साली सुरू होते. त्या वर्षी इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं पोलाद ओतलं. 1934 मध्ये अमेरिकेत बड कंपनीने बांधलेली झेफर ही आगगाडी रंगाचा हातही न लावता रुळांवर आली. डेन्व्हर ते शिकागो हे सोळाशे किलोमीटरहून जास्त अंतर तिने एका दिवसात तोडलं. पुढे 1981 मध्ये डीलोरियन ही उघड्या स्टीलची मोटार निघाली आणि दोन वर्षांत कंपनीसकट बुडाली. टेस्लाचा सायबरट्रक 2023 च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडला, आणि बऱ्याच मालकांनी त्याच्या उघड्या स्टीलवर लगेच रॅप चढवून घेतलं. उघडेपणासाठी पैसे मोजायचे आणि मग तो झाकायलाही मोजायचे! माणूस असाच आहे.

आपल्याकडे काय झालं? 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती निळ्या अंगाची आणि चंदेरी टपाची. पुढे बॉडीला ॲल्युमिनियमचा पत्रा आला, तो लाल गंज धरत नाही. तरीही एसटीला रंग चढलाच, निळ्याऐवजी लाल. तिथे रंग संरक्षणापेक्षा ओळखीसाठी होता. लांबूनच कळावं, आपली गाडी आली. दिल्ली मेट्रोने 2002 मध्ये उघडं स्टील स्वीकारलं, आणि आज त्याच डब्यांवर जाहिरातींची रॅप चढतात. आपल्या तारापूर वसाहतीत विराजमध्ये स्टेनलेसचे गज आणि तारा बनतात, तर जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पत्र्यावर रंगाचा लेप चढतो. दोन्ही पक्ष इथे शेजारीच नांदतात!

आता मुद्द्याचं बोलू. उघडा पक्ष म्हणतो, आमचं खरं, झाकलेलं खोटं. आम्हाला हे पटत नाही, कारण स्टेनलेस स्टील कधी उघडं नसतंच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बनतो. गंज रोखतो तो हाच थर. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन पोचायला हवा. म्हणजे ज्याला आपण नागडं म्हणतो, तेही पांघरूण घेऊनच उभं असतं. फरक एवढाच की ते पांघरूण श्वास घेतं. ईशावास्य उपनिषदात सत्याचं तोंड झाकणारं पात्र सोन्याचं सांगितलं आहे. झाकणारी वस्तू काळीच असते असं नाही.

दांडीच्या खाऱ्या वाऱ्यातलं मीठ या थराचं वैरी आहे. डबा उघडा ठेवला तर तपकिरी डाग पडतात, बारीक खड्डे पडतात. पण ते दिसतात! दिसलं की माणूस धुतो. रॅपच्या कडेतून खारं पाणी आत शिरलं, तर ते तिथेच अडकतं, ऑक्सिजन पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही. गंज आत आणि झकास रूप बाहेर. शिवाय काळा रंग ऊन शोषतो. डब्याच्या भिंतीत फोम असला तरी उन्हाचा भार वाढतोच, आणि आतला बर्फ लवकर वितळतो. बर्फ गेला की भाव गेला. गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, तेही विसरू नका.

मग आमचं मत काय? इथल्या मासळीच्या डब्याला उघडं स्टील बरं. परवडत असेल तर मॉलिब्डेनम असलेलं 316 प्रतीचं घ्यावं, ते मिठापुढे जास्त टिकतं. पण उघडं ठेवण्याची किंमत आहे. खेपेनंतर गोडं पाणी मारून मीठ उतरवावं लागतं. किनाऱ्यावर गोडं पाणी फुकट नसतं, आणि ते ओढून आणणारे हात बहुधा घरातल्या बाईचे असतात. तेव्हा पोरांनो, उघडं स्टील हवं असेल तर पाण्याची बादलीही तुम्हीच उचलायची. आणि हौसेला काळं हवंच असेल, तर ते ड्रायव्हरच्या केबिनवर चढवा, नावही लिहा. डब्याला मात्र मोकळा श्वास घेऊ द्या.

झाकावं की उघडं ठेवावं, हे आधी ठरवू नये. आत काय चाललंय ते आपल्याला वेळेवर कळेल का, हे आधी विचारावं. गाडीला हे लागू आहे. घराला आणि गावाला लागू आहे का, ते तुम्ही ठरवा.