सहा मिलिमीटरचा वेल्ड आणि १२३ बळी

१/ २७ मार्च १९८०. उत्तर समुद्रातील नॉर्वेचे एकोफिस्क तेलक्षेत्र. वादळी संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, 'अलेक्झांडर एल. किएलँड' या तरंगत्या प्लॅटफॉर्मच्या पाच पायांपैकी एक तुटून निघाला. सुमारे २० मिनिटांत प्लॅटफॉर्म उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. या अनर्थाचे मूळ ताटाएवढ्या एका पोलादी कड्याच्या वेल्डमध्ये होते.

२/ किएलँडची बांधणी फ्रान्समधील डंकर्क येथे झाली आणि १९७६ मध्ये तो नॉर्वेकडे आला. मूळ उद्देश तेलविहिरी खोदण्याचा. प्रत्यक्षात तो कामगारांचे निवासस्थान म्हणून वापरला जात होता. त्याचे पाय पोलादी नळ्यांनी एकमेकांशी जखडलेले होते. त्यांपैकी एका नळीचे नाव होते डी-६.

३/ पाण्याखालचा आवाज टिपणारा हायड्रोफोन बसवण्यासाठी डी-६ नळीला भोक पाडून त्यात एक कडे जोडण्यात आले. हा वेल्ड अवघा ६ मिलिमीटरचा होता.

४/ वेल्डमधील वितळलेला धातू निवताना आक्रसतो. भोवतालचे थंड पोलाद त्याला आक्रसू देत नाही. या ओढाताणीतून सांध्यात कायमचा ताण कोंडून राहतो. बाहेरून कोणताही भार नसतानाही तो असतोच. यालाच अवशिष्ट ताण म्हणतात.

५/ दुसरा शत्रू म्हणजे धातूचा थकवा. एका झटक्यात जो भार पोलाद सहज पेलते, तोच लाखो वेळा आला की ते तडकते. जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवले होते. समुद्रात प्रत्येक लाट असाच एक फेरा घडवते. त्यात अवशिष्ट ताणाची भर पडली, की लाटेचा भार दाबाकडे झुकला तरी भेग पुरती मिटत नाही आणि वाढतच राहते.

६/ नॉर्वेच्या चौकशी आयोगाने १९८१ मध्ये अहवाल दिला. कड्याच्या वेल्डमधील भेगेच्या आत रंगाचे अंश आढळले होते. रंग आत शिरण्यासाठी भेग आधीच असायला हवी. म्हणजे प्लॅटफॉर्म कारखान्यातून बाहेर पडला, तेव्हाच तो तडकलेला होता.

७/ मग कोणाच्या लक्षात का आले नाही? कारण कडे हे 'उपकरणाचा आधार' मानले गेले, भार पेलणारा भाग नव्हे. त्यामुळे त्याच्या बळकटीचा आणि थकव्याचा विचार झाला नाही. मुख्य आणि दुय्यम हा भेद कागदावरचा होता; भोक मात्र मुख्य नळीलाच पडले होते.

८/ थकव्याची भेग नळीच्या घेराच्या सुमारे दोन-तृतीयांश भागात पसरली आणि त्या संध्याकाळी डी-६ तुटली. त्या पायाला धरून ठेवणाऱ्या उरलेल्या पाच नळ्यांना वाढलेला भार झेपला नाही. त्याही पाठोपाठ तुटल्या. प्लॅटफॉर्म सुमारे ३० अंशांनी कलला. भार असताना जीवनौकांचे आकडे सुटेनात, त्यामुळे सुटकेची वाटही अरुंद झाली.

९/ या दुर्घटनेनंतर नॉर्वेच्या नियमांत एक तत्त्व रुजले: एखादा भाग निकामी झाला, तरी उरलेली रचना माणसांना बाहेर पडता येईल इतका वेळ तग धरून राहिली पाहिजे. किएलँडवरच्या माणसांना ती मुदत २० मिनिटांपलीकडे मिळाली नाही.