निमोण्याचा आड आणि मारवाडचं पाणी



पुणे जिल्ह्याचा पावसाचा नकाशा कधी नीट पाहिलाय का? पश्चिमेला लोणावळ्याच्या घाटात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला आमच्या शिरूर-दौंडकडे जेमतेम 500. जिल्हा एकच, कलेक्टर एकच. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यांच्यात फक्त सावली उरते. या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, ते अगदी शब्दशः खरं आहे.

मी 1982 साली मावळातून निमोण्याला सून म्हणून आले. माहेरी जून ते सप्टेंबर कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना शेवाळ चढायचं, जेवणात दोन्ही वेळा आंबेमोहर भात. इकडे बाजरी, मटकी, हुलगे, आणि मे महिन्यात डोळ्यांत जाणारा फुफाटा. आईला पहिल्या पत्रात मी लिहिलं, "इथे वाळवंट आहे." ते पत्र माझ्या आजेसासूबाईंनी वाचून घेतलं (तेव्हा सुनेची पत्रं वाचली जायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे) आणि त्या पोट धरून हसल्या. त्यांची आजी नागौरकडची. तिकडे पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. त्या आजीने शिरूरचा मुलूख पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "केवढं हिरवं आहे इथे!"

माझ्या वाळवंटाला ती हिरवळ म्हणत होती. आपल्या समाजाचा या भागातला इतिहास समजून घ्यायचा तर मला हेच टोक सोयीचं वाटतं.

आपली ओसवाल घराणी इकडे एकदम आली नाहीत. काही पेशवाईत आली, काही इंग्रजी अमलात. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि छावणी म्हटली की दुकानदार आलाच. नंतर संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा, मारवाडातला भीषण दुष्काळ. त्याला तिकडे आजही 'छपनिया' म्हणतात. त्या काळात अनेकांनी गाव सोडलं. पुरुषांनी सोबत वह्या आणल्या, नातं आणलं, व्यापाराची अक्कल आणली, हे सगळं आपल्या समाजाच्या स्मरणिकांत छापलेलं असतं. बायकांनी काय आणलं ते कुठे छापलेलं मला दिसलं नाही. त्यांनी पाण्याची शिस्त आणली.

माझ्या सासरच्या स्वयंपाकघरात ती शिस्त मी शिकले. पहिला धडा भांड्यांचा. भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची, राख पुसून काढायची आणि मग मोजक्या पाण्यात एकापाठोपाठ एक बुडवायची. माहेरी आम्ही पन्हळीखाली भांडी धुवायचो! दुसरा धडा गळण्याचा. जाड कापड दुहेरी करून हंड्यावर धरायचं, पाणी गाळायचं, मग गाळलेल्या पाण्याने ते कापड उलटं धुऊन ती जिवाणी ज्या आडातलं पाणी त्याच आडात हळूच सोडायची. वरून ओतायची नाही, दोरीनं भांडं पाण्यापर्यंत नेऊन तिथे कलतं करायचं. जिवाणी मी माहेरीही पाहिली होती, पण तिथे पाणी वर हाताशी असायचं. निमोण्याच्या आडात उन्हाळ्यात पाणी इतकं खोल जायचं की थोड्याशा जिवाणीसाठी सगळी दोरी पुन्हा सोडावी लागे. सासूबाई ती रोज सोडायच्या. एकदा मी विचारलं, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? त्या म्हणाल्या, "आपण तहानेला येतो, ते जीव तिथेच राहतात."

तिसरी गोष्ट धोवणाची. आपल्या संत-सतींना सचित्त पाणी चालत नाही. ते उकळलेलं पाणी घेतात किंवा धोवण, म्हणजे तांदूळ-डाळ धुतलेलं, परात विसळलेलं, राखेच्या भांड्यांचं पाणी. तेही त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं नको, घरात आधीच वापरलेलं हवं. विहारात संत निमोण्याहून जायचे. 'धोवण आहे का, बाई?' अशी विचारणा झाली की मला फार बरं वाटायचं. ज्या घरात प्यायला दोन हंडे उरलेत, त्या घराकडे एकदा वापरून झालेलं पाणी मागणारा पाहुणा! धर्माचे हे नियम अहिंसेसाठी आहेत, पाणी वाचवायला कुणी ते केलेले नाहीत, हे मला माहीत आहे. पण कोरड्या मुलखात ते इतके चपखल बसतात की पाळणाऱ्या बाईला दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

तिथीला हिरवी भाजी नाही, याचंही तसंच. मावळात अष्टमी-चतुर्दशीला आम्हाला जड जायचं, कारण परसात भाजी समोर दिसायची. इकडे उन्हाळ्यात ताटात हिरवं नसायचंच. पापड, वड्या, गट्टे, मारवाडातल्या नातेवाइकांकडून आलेली केर-सांगरी, वाळवलेली गवार. बाजरी तर दोन्हीकडची, तिकडचा सोगरा आणि इकडची भाकरी या बहिणी-बहिणीच. ताकात बाजरीचं पीठ शिजवून केलेली राब मी पहिल्या उन्हाळ्यात नाक मुरडून प्यायले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मागून घेतली.

आता थोडं कडू. निमोण्याच्या शेजारी करडे गाव आहे. 1874 साली याच गावी सावकारांवर मोठा बहिष्कार पडला. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आणली. गाव पेटून उठलं. सावकाराच्या दुकानात जायचं नाही, त्याची शेतं कसायची नाहीत, न्हावी, धोबी, सुतार, लोहार, चांभार यांनी त्याचं काम करायचं नाही, त्याच्या घरी कुणी चाकरीला राहायचं नाही. घाबरून काहीजण तालुक्याच्या गावी जायला निघाले तर गाडी हाकायला माणूस मिळेना. पुढे 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि तो शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. लोकांचा राग कागदांवर होता. खतं, रोखे जाळले गेले, माणसांना मारहाण तुलनेनं फार कमी झाली. मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला.

आपल्या घरांत हा विषय काढत नाहीत. शाळेच्या पुस्तकात मात्र तो असतो. माझी नात तो धडा वाचून आली आणि तिने सरळ विचारलं, "आजी, ते आपलेच लोक होते का?" मी म्हटलं, हो.

मी कॉमर्सवाली, मला वही वाचता येते. सारा रोख आणि ठरलेला, पाऊस आला नाही तरी तो भरायचाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला भाव चढला, तेव्हा कर्ज सहज मिळालं. युद्ध 1865 मध्ये संपलं, भाव पडले, आणि त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी करून बोजा वाढवला. शेतकऱ्याने सारा भरायला कर्ज काढलं आणि त्याचं तारण एकच, पुढच्या वर्षीचा पाऊस. 500 मिलिमीटरच्या मुलखात असं तारण घेणं हा धंदा म्हणूनही कच्चाच. आणि दीडशे रुपयांसाठी माणसाचं राहतं घर घेणं, हे वहीत कितीही बरोबर बसलं तरी चूकच. मारवाडात दुष्काळ काय करतो हे ज्यांनी घरात ऐकलं होतं, त्यांना हे कळायला हवं होतं.

पण त्या हकिगतीत एक प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. घरकामाला माणूस नाही, गाव बोलत नाही, मग करड्यात त्या दिवसांत त्या घरांचं पाणी कुणी भरलं? घुंगट घेतलेली कुणीतरी सून आडावर गेली असेल. बाकीच्या बायका बाजूला झाल्या असतील, की एखादीने न बोलता रहाटाची दोरी पुढे केली असेल? कागदांत बायका नाहीत. तिचं नाव, गाव काही नाही. मी आडावर उभी राहिले तेव्हा मात्र मला ती पुष्कळदा दिसली आहे.

शंभर वर्षांनंतरचा, 1972 चा दुष्काळ सासूबाईंच्या तोंडून ऐकलेला. आड आटला, ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीने पाणी उपसायचं. गावातले बाप्ये-बाया खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर, पोरांना सुकडी, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, उधारी वाढत गेली. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, "या साली वही उघडायची नाही." करड्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती की नाही, कोण जाणे. त्या दोन वर्षांत खड्ड्यावर सगळ्या जातींच्या बायकांची एकच रांग असायची आणि गळणं घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंना शेजारणी म्हणायच्या, "वहिनी, आमचंबी गाळून द्या." गढूळ पाण्याला गळणं सगळ्यांनाच लागत होतं.

आता चित्र पालटलंय. चिंचणीला घोड नदीवर धरण तर आधीच होतं, चासकमानचा कालवा खेडातून शिरूर तालुक्यात आला, न्हावऱ्याचा साखर कारखाना उभा राहिला आणि हुलग्याच्या रानात ऊस आला. नव्या सुना येतात त्यांना हा भाग हिरवाच दिसतो. पाऊस मात्र पाचशेचाच आहे. पाणी वर वाढलेलं नाही, खालून जास्त उपसलं जातंय, आणि कडक उन्हाळ्यात टँकर अजून येतात.

आमच्या आडावर आता स्लॅब टाकलाय. घरात बोअरचं पाणी येतं. गळणं नळाला बांधलेलं असतं. परवा धाकट्या सूनबाईने विचारलं, "आई, जिवाणी सोडायची कुठे? बोअरमध्ये तर भांडं जात नाही." मी चातुर्मासात सतीजींना विचारलं. एक म्हणाल्या, जवळच्या वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात न्यावी. दुसऱ्या म्हणाल्या, सावलीत ओल्या जागी यतनेनं ठेवावी, उन्हात टाकू नये. सध्या आम्ही स्लॅबला एक झाकण करून घेतलंय. खाली अजून थोडं पाणी आहे. सूनबाई मोबाइलच्या उजेडात दोरी सोडते आणि मी वरून सांगते, अजून खाली, अजून खाली.