सरासरी पद्धती, अवकल समीकरणांच्या

लहान प्राचल असलेल्या अवकल समीकरणांचे आसन्न निर्वाह काढण्याची एक पद्धत. अशा समीकरणाच्या निर्वाहात बहुधा दोन गती असतात : एक शीघ्र आवर्ती गती व दुसरा तिच्या आयामात आणि कलेत होणारा मंद बदल. शीघ्र गतीच्या एका आवर्तनावर सरासरी घेतली असता केवळ मंद बदलाचे सोपे समीकरण उरते.

चंद्राची गती हे या पद्धतीचे सर्वांत जुने क्षेत्र होय. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. चंद्र व सूर्य यांतील अंतर १८०° होते तो पौर्णिमेच्या समाप्तीचा क्षण केवळ २९.५३०६ दिवसांच्या मध्यम चांद्रमासावरून काढल्यास सु. १४ तासांपर्यंत चूक पडते व यात्रेचा दिवसच बदलू शकतो. म्हणून मध्यम चंद्रास मंदफलाचा संस्कार देतात. मंदफल ज्यावर अवलंबून असते ते मंदोच्च (कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) स्वतः सावकाश फिरते. *सूर्यसिद्धांता*त ४३,२०,००० वर्षांत त्याच्या ४,८८,२०३ फेऱ्या सांगितल्या आहेत; म्हणजे एक फेरी ८.८५ वर्षांची. आधुनिक मूल्यही हेच आहे.

ही मंद गती गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून काढणे कठीण ठरले. येथे लहान प्राचल म्हणजे सूर्य व चंद्र यांच्या मध्यम गतींचे गुणोत्तर, सु. १/१३.४. पहिल्या आसन्नीकरणाने एक फेरी सु. १८ वर्षांची येते, म्हणजे वेग निम्माच. यावरून क्लेरो (१७१३–६५) यांनी १७४७ मध्ये न्यूटन यांच्या नियमातच दुरुस्ती सुचविली. परंतु १७४९ मध्ये पुढील क्रमाची पदे घेताच तूट भरून निघाली व त्यांनी ती सूचना मागे घेतली. नियम सदोष नव्हता, आसन्नीकरण अपुरे होते.

लाग्रांझ व लाप्लास यांनी ग्रहकक्षांच्या दीर्घकालीन बदलांसाठी ही पद्धत वापरली. गौस यांनी १८१८ मध्ये क्षोभक ग्रहाऐवजी त्याच्या कक्षेवर पसरलेले वस्तुमानाचे कडे कल्पिले. विसाव्या शतकात व्हान डर पॉल यांनी ती रेडिओतील निर्वात नलिकांच्या आंदोलनांना लावली. फातू यांनी १९२८ मध्ये तिची गणितीय सिद्धता दिली, तर क्रिलॉव्ह व बोगोल्यूबॉव्ह यांनी १९३७ च्या ग्रंथात अरेषीय कंपनांसाठी तिला व्यापक रूप दिले. प्राचलाच्या व्यस्ताइतक्या कालावधीपर्यंत तिच्यातील चूक सामान्यतः प्राचलाइतकीच लहान राहते. मात्र आवर्तकालांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांच्या जवळ असल्यास साधी सरासरी फसवी ठरते. गुरू व शनी यांच्या बाबतीत ते २ : ५ च्या जवळ असून त्यामुळे उद्‍भवणाऱ्या सु. ९०० वर्षांच्या विषमतेचा उलगडा लाप्लास यांनी १७८५ मध्ये केला.

मराठीत केरो लक्ष्मण छत्रे यांच्या *ग्रहसाधनाची कोष्टके* (१८६०) या ग्रंथाने यूरोपीय ग्रहगणित पंचांगकर्त्यांच्या हाती आले. चंद्राचे मंदफल कमाल सु. ६.३° व सूर्याकर्षणामुळे येणारा च्युतिसंस्कार सु. १.३° आहे. पौर्णिमा-अमावास्येस दोहोंची वजाबाकी होऊन ५° उरतात. अष्टमीच्या सुमारास बेरीज होऊन ७.६° होतात. जुन्या ग्रंथांतील मंदफल सु. ५° चेच असल्याने त्यांवरून काढलेली पौर्णिमा बरीचशी शुद्ध येई, अष्टमी मात्र काही तासांनी चुके.